पालक विचारतात: मुलांचा बीएमआय कसा वाचायचा?

शाळेतल्या आरोग्य तपासणीनंतर घरी येणाऱ्या कार्डावर उंची, वजन आणि शेजारी बीएमआय (बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा) असा आकडा असतो. त्या एका आकड्यावरून कुठे पावडरीचा डबा आणला जातो, तर कुठे मुलाच्या ताटातला भात काढून घेतला जातो. दोन्हींची बहुतेक वेळा गरज नसते. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. उंची १३२ सेंमी, वजन २८ किलो. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये भरलं तर बीएमआय १६.१ आला आणि ‘वजन कमी’ असा लाल शेरा दिसला. सासूबाईंच्या मते तो हडकुळाच आहे. वजन वाढवायची पावडर सुरू करू का? – एक आई, नाशिक

पावडर नको. तुमच्या मुलाचा आकडा त्याच्या वयाच्या मुलग्यांच्या अगदी मधोमध आहे. चूक कॅल्क्युलेटर निवडण्यात झाली. तो मोठ्यांसाठीचा होता.

हिशोब तुम्ही बरोबर केला आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, म्हणजे १.३२. तिला तिनेच गुणायचं, १.७४ येतात. वजनाला त्याने भागायचं: २८ भागिले १.७४, म्हणजे १६.१. इथपर्यंत लहान-मोठ्यांत काही फरक नाही. फरक पुढच्या पायरीत आहे. मोठ्या माणसात १८.५ च्या खाली वजन कमी धरतात, मग तो पंचविशीतला असो की पन्नाशीतला. मुलांमध्ये असा एकच कायमचा आकडा नसतो, कारण वयाप्रमाणे अंगावरच्या चरबीचं प्रमाण बदलत जातं. पहिल्या वर्षात बीएमआय चढतो, आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास सतराच्या आसपास पोचतो. मूल चालायला-पळायला लागलं की बाळसं उतरतं आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आकडा साधारण १५ वर येतो. तिथून तो पुन्हा चढू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्यांचा मधला आकडा पाचव्या वर्षी १५.३, नवव्या वर्षी १६, दहाव्या वर्षी १६.४ आणि पंधराव्या वर्षी १९.८ आहे. म्हणजे नऊ वर्षांच्या निरोगी मुलाला १८.५ चा निकष लावला, तर निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं ‘कमी वजनाची’ ठरतील.

म्हणून मुलाचा बीएमआय काढला की तो त्याच्या वयाच्या आणि मुलगा की मुलगी त्यानुसार असलेल्या तक्त्यावर ठेवायचा. आपल्याकडे पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात आणि पाच ते अठरा वर्षांसाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे. बालरोगतज्ज्ञाकडे हा तक्ता असतोच. फाइलमध्ये लावून मागा. वय लिहिताना ‘नऊ’ एवढंच नको, ‘नऊ वर्षं चार महिने’ असं लिहा.

तक्त्यावर पर्सेंटाइलच्या रेषा असतात. ५० वी रेषा म्हणजे शंभरात पन्नास मार्क नव्हेत. त्या वयाच्या शंभर मुलांना बीएमआयच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणारा मुलगा, एवढाच तिचा अर्थ. २५ व्या रेषेवरचं मूल नापास नसतं आणि ९० व्या रेषेवरच्या मुलाने बाजी मारलेली नसते.

२०१५ च्या भारतीय तक्त्यात बीएमआयच्या दोन खास रेषा आहेत. मूल त्याच रेषेवरून वाढत राहिलं तर मोठेपणी त्याचा बीएमआय २३ आणि २७ होईल, असं त्या सांगतात. पहिलीच्या वर गेलं तर जादा वजन, दुसरीच्या वर गेलं तर लठ्ठपणा. जागतिक तक्त्यातल्या अशाच रेषा मोठेपणीच्या २५ आणि ३० ला जाऊन मिळतात. आपल्या रेषा खाली ठेवण्यामागे ठोस कारण आहे: तेवढ्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचंच उदाहरण प्रसिद्ध केलं होतं. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांवरच्या याज्ञिक यांच्या अभ्यासातही हेच दिसलं. वजनाने लहान असलेल्या त्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. त्यामुळे आपल्या मुलांत ‘थोडं अंगावर असलेलं बरं’ हा सल्ला जपून द्यायला हवा.

शाळेत मोजलं तेव्हा मुलीचा बीएमआय १६.६ आणि पंधरा दिवसांनी घरी मोजला तर १७.६. एवढ्यात एक अंक कसा वाढला? – एक वाचक, सांगली

बहुधा मुलगी तेवढीच आहे, मोजणी बदलली. बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे उंचीतली छोटी चूकही मोठी होते. समजा वजन २८ किलो आणि खरी उंची १२८ सेंमी, तर बीएमआय १७.१. बूट घालून मोजलं आणि १३० भरली तर १६.६. घरी मूल किंचित वाकून उभं राहिलं आणि १२६ भरली तर १७.६. दोन सेंटिमीटरची चूक इकडे, दोनची तिकडे, की झाला एक अंक.

घरी उंची मोजायची तर अशी भिंत निवडा जिच्या तळाशी फरशीची पट्टी पुढे आलेली नाही. पट्टी असेल तर टाचा भिंतीला टेकत नाहीत. दाराची सपाट चौकटही चालते. चपला, मोजे काढा. वेणी, अंबाडा, हेअरबँड सोडा. टाचा, कुल्ले, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागू द्या. बऱ्याच मुली मान वर करतात, तिथेच अर्धा सेंटिमीटर जातो. नजर समोर हवी, डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत. मग जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून डोक्यावर आणा, केस दाबले जातील इतपत खाली. पेन्सिलने खूण करा आणि मूल बाजूला झाल्यावर जमिनीपासून खुणेपर्यंत लोखंडी टेपने मोजा. शिवणाची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते, ती नको. हे तीनदा करा. तीन मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आली तर सरासरी घ्या, नाहीतर पुन्हा मोजा.

दिवसभर उभं राहून, खेळून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, म्हणून संध्याकाळी उंची सकाळपेक्षा एखाद्या सेंटिमीटरने कमी भरते. दरवेळी सकाळीच मोजा.

वजनकाटा सतरंजीवर नको, कडक फरशीवर ठेवा. पातळ कपडे, शौचाला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा आणि दरवेळी तोच असावा. पाच वर्षांनंतर सहा महिन्यांतून एकदा मोजलं की पुरे. दर आठवड्याला मोजून हाती काही लागत नाही, मूल मात्र काट्याला घाबरायला लागतं.

मुलगा आठ वर्षांचा, १२८ सेंमी, ३४ किलो. डॉक्टर लठ्ठ म्हणतात. घरचे म्हणतात खात्यापित्या घरचं पोर आहे, वयात येताना ताणलं जाईल. डाएट सुरू करायचं का? – एक बाबा, ठाणे

३४ भागिले १.६४, म्हणजे २०.७. आठ वर्षांच्या मुलग्यांचा मधला आकडा १५.७ आहे आणि जागतिक तक्त्यातही १९.७ च्या वर लठ्ठपणा धरतात. भारतीय रेषा त्याहून खाली. तेव्हा डॉक्टरांचं बरोबर आहे. ‘ताणला जाईल’ या भरवशावर बसू नका. पाच-सहा वर्षांनंतर चढत गेलेलं वजन बऱ्याच मुलांत मोठेपणीही टिकतं.

पण तुमच्या मुलाला किलो कमी करायला लावू नका. त्याच्या हाताशी अशी एक गोष्ट आहे जी मोठ्यांच्या हाती नसते: तो वाढतो आहे. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते. वजन ३४ वरच राहिलं आणि उंची १३४ झाली, तर नवव्या वर्षी बीएमआय १८.९. आणखी एक वर्ष तसंच गेलं, उंची १४० झाली, तर १७.३, म्हणजे दहाव्या वर्षाच्या मधल्या आकड्याजवळ. एक किलोही न घटवता. वजन थोडं वाढलंच, वर्षाला एखादा किलो, तरी दिशा योग्य राहते. उपाशी ठेवून वजन उतरवलं तर स्नायू आणि उंचीची वाढ दोन्हींना फटका बसतो.

आधी तीन दिवस त्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, त्यात एक रविवार असू द्या. जेवणापेक्षा जेवणामधलं खाणं जास्त निघतं, असंच बहुतेक घरांत दिसतं: दुधाबरोबर पाच-सहा बिस्किटं, क्लासला जाताना वेफर्स, परतताना वडापाव, टीव्हीसमोर फरसाण.

पहिला हात पेयांवर घाला. ३०० मिलि कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ छोटे चमचे, आणि त्याने पोट भरत नाही. खोक्यातले ‘फळांचे’ रस त्याच माळेचे. त्यांच्याऐवजी ताक, पातळ कोकम सरबत, साधं पाणी. फळ चावून खाऊ द्या, रस काढू नका. दूध दिवसाला दोन कप पुरे, त्यात साखर आणि चॉकलेटी पावडर नको.

मग तेलाकडे बघा. घरात महिन्याला किती तेल लागतं ते मोजा. माणशी अर्धा ते पाऊण लिटर ठीक. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर उत्तर तिथे आहे.

पोळी-भाजी, वरण-भात बंद करायची गरज नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, पालेभाजीने भरा, पाव भाग उसळ, वरण, अंडं किंवा मासे आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. दुसऱ्यांदा वाढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद. आणि हे सगळ्या घरासाठी. त्याच्या एकट्याच्या ताटात कोशिंबीर आणि बहिणीच्या ताटात भजी, असं झालं की बेत आठवड्यात मोडतो, शिवाय मूल चोरून खायला लागतं. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हेही टाळा. त्यातून भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस, एवढंच तो शिकेल.

रोज किमान एक तास दमवणारी हालचाल हवी. ती एका दमातच हवी असं नाही: शाळेत चालत जायची वीस मिनिटं आणि मैदानावरची चाळीस, असंही चालतं. आठवड्यातून दोनदा बॅडमिंटनचा क्लास पुरत नाही, कारण त्या तासातला बराच वेळ पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. लगोरी, पकडापकडी, सायकल यांत थांबणं कमी. झोपेचंही बघा. या वयाला नऊ ते बारा तास लागतात. उशिरापर्यंत जागणारी मुलं जास्त खातात.

एक तपासणी आजच करा. मानेच्या मागे, काखेत कातडी काळसर आणि मखमलीसारखी जाड झाली आहे का? अनेक घरांत तो मळ समजून पोराची मान घासघासून लाल करतात. तो मळ नाही, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण आहे. ती दिसली, किंवा रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सतत तहान आणि लघवी, असं काही असेल तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करून घ्या. गुडघा किंवा जांघ दुखून मूल लंगडत असेल तर थांबू नका, जड मुलांत खुब्याचं हाड सरकण्याची शक्यता असते, त्याच दिवशी दाखवा.

मुलगी अकरा वर्षांची. गेल्या वर्षात वजन सहा किलोंनी वाढलं, उंची जेमतेम तीन सेंटिमीटर. खाणं पूर्वीइतकंच आहे. – एक आई, लातूर

हे पत्र आम्हाला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं. खाण्यामुळे वजन वाढलेली मुलं सहसा उंचही असतात, वयाच्या मानाने दोन बोटं पुढेच. वजन वाढतंय आणि उंची थांबली आहे, हे वेगळं चित्र आहे. वयात येण्याआधी वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी उंची वाढली तर कारण शोधावं लागतं. थायरॉइड कमी असणं हे त्यातलं नेहमीचं कारण: थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणं. दमा किंवा त्वचेच्या आजारासाठी स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असेल तरी असंच होतं, म्हणून मलमापासून गोळीपर्यंत सगळ्या औषधांची यादी घेऊन जा. मुलीला पाळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर उंची मंदावणं स्वाभाविक आहे. तसं नसेल, तर डाएटआधी डॉक्टर. जुन्या शाळेच्या कार्डांवरच्या उंचीच्या नोंदी बरोबर न्या, त्या रक्ताच्या अहवालाइतक्याच उपयोगी पडतात.

साडेपाच वर्षांची नात, ११० सेंमी, १६.८ किलो. दोन वर्षांची असताना गुटगुटीत होती, आता बरगड्या दिसतात. ती वाळत चालली आहे का? – एक आजी, रत्नागिरी

नाही, आजी. तिचा बीएमआय १३.९ आहे. या वयात मुलींचा मधला आकडा १५.२ असतो आणि १२.७ च्या खाली गेला तर कृश म्हणतात. ती बारीक बाजूला आहे, पण सुरक्षित. पाच-सहा हेच आयुष्यातलं सर्वात बारीक दिसण्याचं वय. ही घसरण तिसऱ्या-चौथ्या वर्षीच थांबून आकडा चढू लागला, तर ती लठ्ठपणाची आगाऊ सूचना मानतात. तेव्हा बरगड्या दिसतात म्हणून मागे धावून भरवू नका.

मात्र उंची आणि वजन दोन्ही वाढत आहेत ना, एवढं सहा महिन्यांनी बघा. वर्षात पाच-सहा सेंमी आणि साधारण दोन किलो, म्हणजे उत्तम. तक्त्यावरची तिची स्वतःची रेषा सोडून ती दोन रेषा खाली उतरली, वारंवार जुलाब किंवा ताप येत असेल, चेहरा फिका असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. जंताचं औषध शाळेतून किंवा अंगणवाडीतून मिळतं, ते चुकवू नका. ताकद वाढवायची तर वरणभातावर चमचाभर तूप, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीचं सत्त्व, अंडं. दूध अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधाने पोट भरलं की जेवण मागे पडतं आणि लोह कमी होतं.

चौदा महिन्यांच्या बाळाचा बीएमआय किती असावा? अंगणवाडीत त्याचा दंड मोजतात, १२.१ सेंमी भरला. – एक आई, नंदुरबार

या वयात बीएमआयचा हिशोब सोडा. दोन वर्षांखाली बाळाला आडवं ठेवून लांबी मोजतात आणि त्या लांबीला वजन किती हवं ते तक्त्यात बघतात. दंडाचा घेर सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत उपयोगी आहे: ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, म्हणजे सॅम, आणि ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम कुपोषण, म्हणजे मॅम. तुमचं बाळ मॅममध्ये बसतं. अंगणवाडीताईंना लांबी आणि वजनही मोजायला सांगा, आहार सुरू करा आणि मोजणी चुकवू नका. पायावर सूज आली, बाळ मलूल झालं किंवा खाणं सोडलं, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

मुलगा पंधरा वर्षांचा, कबड्डी खेळतो. १६८ सेंमी, ६८ किलो. बीएमआय २४.१, कार्डावर ‘जादा वजन’. – एक वाचक, कोल्हापूर

बीएमआयला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. रोज तालीम करणाऱ्या मुलात तो चढाच येतो. कमरेचा घेर घ्या: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा, म्हणजे तुमच्या मुलाचा ८४ सेंमीच्या आत. ७६-७८ असेल तर निर्धास्त राहा. ८४ च्या पुढे असेल तर कबड्डी असूनही शेरा खरा आहे. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं, घाम काढणं मात्र करू देऊ नका.

मुलगी तेरा वर्षांची, १५२ सेंमी, ४४ किलो. वर्गात कुणी ‘जाडी’ म्हटलं तेव्हापासून रात्री जेवत नाही. – एक आई, पुणे

तिचा बीएमआय १९ आहे, तिच्या वयाच्या मुलींच्या मधल्या आकड्याला अगदी लागून. वयात येताना मांड्या आणि कंबर भरतात. ती चरबी शरीराला पाळीसाठी लागते. तक्ता तिच्यासमोर ठेवा, तिचा ठिपका तिलाच लावू द्या. या वयाच्या मुलींना ‘तू छान दिसतेस’ पेक्षा स्वतः लावलेला ठिपका जास्त पटतो.

रात्रीचं जेवण तोडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भूक आवरत नाही, हाताला लागेल ते खाल्लं जातं, मग अपराधी वाटतं आणि पुन्हा उपास. हे चक्र सुरुवातीलाच थांबवा. जेवायला सगळे एकत्र बसा, तिच्या ताटाकडे बघून बोलू नका आणि घरातल्या मोठ्यांनीही स्वतःच्या पोटाबद्दल तिच्यासमोर कुरकुर करू नये. पाळी सुरू झालेली असेल तर लोह जास्त लागतं: पालेभाजी, हळीव, कडधान्यं आणि बरोबर लिंबू. वर्गात चिडवणाऱ्यांबद्दल वर्गशिक्षिकांशी शांतपणे बोला.

सहा आठवड्यांत वजन घटलं, सुरू असलेली पाळी तीन महिने आली नाही, चक्कर येते, जेवण झाल्यावर ती लगेच बाथरूममध्ये जाऊन बसते, किंवा दिवसातून अनेकदा काट्यावर चढते, यातलं एक जरी दिसलं तरी बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि समुपदेशकाची भेटही त्याच वेळी ठरवून घ्या. तोवर वजनकाटा कपाटात ठेवा.